तालुका, कनेक्शन आणि लिंक

बीड जिल्ह्यातील सिरसाळ्याचा पत्ता लिहिताना ‘तालुका परळी’ असे लिहावेच लागते. परंतु हा ‘तालुका’ शब्द अरबीतील ‘तअल्लुक’, म्हणजे संबंध, या शब्दापासून निघाला आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. जो मुलूख वसुलीच्या निमित्ताने एखाद्या ठाण्याशी निगडित झाला तो त्या ठाण्याचा तालुका. ‘इलाखा’ हा शब्दही त्याच कुळातला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता, दफ्तराची भाषा उर्दू होती आणि जिल्ह्याच्या मुख्य अंमलदारास ‘अव्वल तालुकदार’ म्हणत. न्यायशास्त्राने संयोग, समवाय, व्याप्ती अशा संज्ञा घडवून पदार्थांच्या परस्परसंबंधांचा कितीही सूक्ष्म विचार केलेला असला, तरी रयतेच्या तोंडी संबंधाचे नवे शब्द रुजले ते त्या ग्रंथांतून नव्हे, तर चावडीवरून आणि जमाबंदीच्या कागदांतून. बाबत, निसबत, मार्फत, सामील हे सारे त्याच वाटेने आले आणि मराठीच होऊन गेले.

इंग्रजीतील संबंधवाचक शब्द आज या भागात ज्या रीतीने रुजले आहेत, ती रीत याहून निराळी नाही. ‘कनेक्शन’ विजेबरोबर आले. परळीचे औष्णिक वीज केंद्र १९७१ मध्ये सुरू झाले. त्या केंद्राची वीज कोठे कोठे जाते याची चर्चा तालुक्यातील शेतकरी क्वचितच करील, पण मोटारीसाठी कोटेशन भरले की नाही, डीपी जळाला तर नवा केव्हा मिळणार आणि थकबाकीपायी कनेक्शन तोडणार काय, या प्रश्नांशी त्याचे पीक बांधलेले असते. मात्र दोन घरांत लग्नसंबंध जुळला, तर त्याला तो कनेक्शन म्हणत नाही; ती सोयरीकच.

‘लिंक’चे तसेच. २०१९ मध्ये किसान सन्मान निधीची योजना सुरू झाली, वर्षाकाठी सहा हजार रुपये तीन हप्त्यांत खात्यावर येऊ लागले, आणि खाते आधारशी लिंक नसल्यास हप्ता अडकतो हे कळताच, ज्यांनी आयुष्यात इंग्रजी शाळेची पायरी चढलेली नाही अशा वृद्ध स्त्रियांच्याही तोंडी हा शब्द बसला. त्याच शब्दाचे ‘लिंकिंग’ हे रूप मात्र कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर निराळ्याच अर्थाने वावरते. युरियाची गोणी हवी असेल तर नको असलेले दुसरे खत वा औषधाची बाटली घ्यावीच लागेल, या सक्तीचे नाव लिंकिंग. शासन तिला वेळोवेळी मनाई करते, आणि तरीही पेरणीच्या दिवसांत तक्रारी थांबत नाहीत.

ठिबकच्या आणि पाइपच्या दुकानात या शब्दांची नेमकेपणाने जोपासना झालेली दिसते. सारख्या मापाचे दोन पाइप जोडतो तो कपलिंग, मोठ्याला लहान जोडतो तो रेड्युसर, वाट वळवतो तो एल्बो आणि एका धारेच्या दोन धारा करतो तो टी. येथे ‘जोडायचे काहीतरी द्या’ म्हणून भागत नाही. संबंधाचा प्रकार सांगितल्याखेरीज दुकानदाराचा हात फळीकडे जाणार नाही. इंग्रजी शब्दांचा असा वापर मला सर्वथा स्वागतार्ह वाटतो.

माणसामाणसांतील संबंधांसाठी मात्र जुनी शब्दसंपत्ती अद्याप शाबूत आहे. भावकी निराळी, सोयरे निराळे, आणि पाहुणे म्हणजे तर वाटेवर भेटलेला अनोळखी गृहस्थदेखील. ऊसतोडीच्या करारात पतिपत्नीच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याच्या हिशेबाने, आणि एकटा मजूर असेल तर तो ‘अर्धा कोयता’. लग्न आणि मजुरी यांची इतकी घट्ट आणि इतकी क्लेशदायक सांगड दुसऱ्या कोणत्याही शब्दात मला आढळलेली नाही. या शब्दांचे वजन सरकारलाही जाणवते: जातप्रमाणपत्रांच्या संदर्भात २६ जानेवारी २०२४ रोजी राज्य शासनाने मसुदा अधिसूचना काढली, तेव्हा ‘सगेसोयरे’ या शब्दाची व्याख्या करणे त्याला भाग पडले.

चिंता वाटते ती एकाच शब्दाची, आणि तो म्हणजे ‘रिलेटेड’. बँक रिलेटेड काम, शेती रिलेटेड अडचण, जमीन रिलेटेड वाद असे बोलणे आता तरुणांच्या अंगवळणी पडत आहे. कनेक्शनने मराठीतला कोणताही शब्द हिरावून घेतला नाही, कारण त्याबरोबर नवी वस्तू आली होती. रिलेटेडबरोबर कोणतीच वस्तू आलेली नाही, आणि जेथे संबंधाचा प्रकार बोलणाऱ्याने सांगायचा, नेमक्या त्याच जागी तो बसतो. मराठी शब्दयोगी अव्यये हा प्रकार किती काटेकोरपणे सांगतात, हे सामाईक विहिरीच्या एखाद्या प्रकरणात पाहावे. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद सामाईक, पाणी पाळीने घ्यायचे, आणि भावांत विहिरीवरून भांडण, थोरल्यावर विहिरीपायी झालेले कर्ज, विहिरीपोटी मंजूर झालेले अनुदान, विहिरीलगतच्या बांधाची मोजणी आणि विहिरीबाबत धाकट्याने केलेला अर्ज. ही पाच निरनिराळी प्रकरणे आहेत, त्यांची कार्यालयेही बहुधा निरनिराळी आहेत. आणि ‘विहीर रिलेटेड काम आहे’ एवढेच सांगणाऱ्या तरुणाला तहसील कचेरीतील कारकुनाने काम कशाचे, असा प्रश्न पुन्हा विचारला, तर त्यात कारकुनाचा काहीच दोष नाही.