एकच डोमेन, दोन मेल सर्व्हर

काही मेलपेट्या ऑफिसातल्या पोस्टफिक्सवर, बाकीच्या गूगल वर्कस्पेसवर. पत्ते मात्र एकाच डोमेनचे. मग तक्रार येते: बाहेरच्यांचा मेल गूगलवर पोचतो, पण ऑफिसच्या सर्व्हरवरून शेजारच्या टेबलाला पाठवलेला परत येतो!

कारण असं. डोमेन 'मायडेस्टिनेशन' या सेटिंगमध्ये असलं की पोस्टफिक्स ते स्वतःचंच मानतो. ज्याला मेल पाठवला त्याचं नाव सर्व्हरवरच्या वापरकर्त्यांच्या यादीत नसेल तर 'युझर अननोन' म्हणून मेल नाकारतो. डोमेनचा मेल कुठे जातो ते सांगणारी एमएक्स नोंद पाहतच नाही.

डोमेन तिथून काढून 'रिले डोमेन्स'मध्ये टाका आणि कोणाचा मेल कुठे जाईल ते 'ट्रान्सपोर्ट मॅप'मध्ये लिहा. इथला माझा लाडका बारकावा म्हणजे चौकोनी कंस. सर्व्हरचं नाव कंसात लिहिलं की पोस्टफिक्स एमएक्स न शोधता थेट त्याच यंत्राकडे जातो. कंस लिहायचा राहिला आणि एमएक्स तुमच्याकडेच वळत असेल, तर 'मेल लूप्स बॅक टू मायसेल्फ' ठरलेलंच.

'रिले रेसिपियंट मॅप्स'मध्ये खऱ्या पत्त्यांची यादी द्याच. नाहीतर सर्व्हर वाटेल त्या नावाचा मेल आधी स्वीकारतो आणि नंतर निरपराध लोकांना बाउन्स पाठवत बसतो.

शेवटी, डोमेनच्या नावाने मेल कोण पाठवू शकतं ते सांगणाऱ्या एसपीएफ नोंदीत दोन्ही सर्व्हर हवेत. त्यात डीएनएस शोधांची मर्यादा 10 आहे, पण थेट लिहिलेला आयपी पत्ता त्यात मोजला जात नाही.