पॉकेटच्या तोंडाशी थांबलेली सोंगटी

राणी घेऊन झालेली असते, कव्हरची सोंगटी सरळ निघालेली असते, बोर्डाभोवतीचे चौघे माना पुढे काढून बघत असतात, आणि ती पॉकेटच्या काठावर येऊन बसते. मग कोणी फुंकर मारल्याचा अभिनय करतो, कोणी पावडरला शिव्या घालतो. आमच्या चाळीच्या गॅलरीत एका भिडूचं ठाम मत होतं की पॉकेटजवळ बोर्ड ‘पकडतो’. त्यासाठी त्याने तिथे जादा पावडर थापून पाहिली, बोर्ड खाली-वर करून पाहिला. सोंगट्या काठावर थांबायच्या त्या थांबतच राहिल्या.

बोर्ड पकडतो हे खरं, पण तो पहिल्या क्षणापासून पकडत असतो. सरकणाऱ्या वस्तूला मागे खेचणारं हे गतिज घर्षण. त्याचा मोठा गुण (किंवा दुर्गुण) म्हणजे वेग जास्त असो की कमी, त्याचा जोर जवळपास तेवढाच राहतो. घराच्या कर्जाच्या हप्त्यासारखं. शिल्लक भरपूर असताना हप्ता जाणवत नाही, महिनाअखेरीला तेवढाच हप्ता जिवावर येतो. सोंगटीच्या वेगातून दर क्षणाला सारखीच रक्कम वजा होते.

आता हिशेब बघा. सोंगटी 64 सेंटिमीटर सरकून थांबली आणि त्या वेळेचे चार सारखे भाग केले, तर पहिल्या भागात ती 28 सेंटिमीटर जाते, दुसऱ्यात 20, तिसऱ्यात 12 आणि शेवटच्या भागात फक्त 4. म्हणजे 7, 5, 3, 1 हे प्रमाण. वरून सोडलेली वस्तू पडताना गॅलिलिओला 1, 3, 5, 7 अशी विषम संख्यांची माळ दिसली होती. कॅरमवर तीच उलटी ओवलेली आहे. एकूण वेळेतला पाव भाग त्या शेवटच्या चार सेंटिमीटरांत जातो आणि नेमका तोच भाग आपण डोळे फाडून बघतो. ‘पॉकेटजवळ पकडतो’ हा भास तिथून येतो.

याच हिशेबातून निघणारी दुसरी गोष्ट म्हणजे वेग दुप्पट झाला तर थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. चाकं जाम करून घसरत जाणाऱ्या गाडीलाही हेच लागू. त्याच रस्त्यावर ताशी 40 ऐवजी 80 किलोमीटर वेग असेल, तर घसरण्याची खूण साधारण चौपट लांब उमटते.

गॅलरीतला दुसरा वाद वजनाचा. स्ट्रायकर जास्तीत जास्त 15 ग्रॅमचा, सोंगटी 5 ते साडेपाच ग्रॅमची. जड वस्तू लांब जाणार, असं सगळ्यांनाच वाटायचं. पण वजन तिप्पट असलं की बोर्डावरचा दाबही तिप्पट होतो, घर्षणही तिप्पट. थांबवायला जोर तिप्पट लागतो आणि तो मिळतोही. पृष्ठभागांचा स्वभाव सारखा असेल आणि सुरुवातीचा वेग एकच असेल, तर दोघेही सारख्याच अंतरावर थांबतात. वजनाचा खरा फायदा टकरीत होतो. 15 ग्रॅमचा स्ट्रायकर 5 ग्रॅमच्या सोंगटीवर समोरासमोर आदळला, तर आदर्श टकरीत सोंगटी त्याच्या दीडपट वेगाने सुटते आणि स्ट्रायकर निम्म्या वेगाने पुढेच जात राहतो. दोन वेगांत तिपटीचा फरक, म्हणून सरकण्याच्या अंतरात नऊपट. प्रत्यक्षातली टक्कर इतकी चोख नसते. तरीही सोंगटी पॉकेटात आणि स्ट्रायकर बोर्डावर, ही रोजची चैन या फरकामुळेच परवडते.

या नियमांना नाव मिळालं गिलोम आमाँताँ या फ्रेंच माणसाचं. लहानपणीच ऐकू येणं गेलेल्या या संशोधकाने 1699 मध्ये दोन गोष्टी मांडल्या: घर्षण दाबाच्या प्रमाणात वाढतं, आणि टेकलेला भाग मोठा की लहान याने त्यात फरक पडत नाही. दुसरं विधान त्या काळच्या विद्वानांच्या पचनी पडेना. लिओनार्दो दा विंचीने त्याच्या दोनशे वर्षं आधी हे वहीत लिहून ठेवलं होतं, पण छापलं नव्हतं. पुढे लष्करी अभियंता कुलोम याने भरपूर प्रयोग केले, 1781 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीचं पारितोषिक मिळवलं. विद्युतभाराच्या एककाला नाव आहे तोच हा कुलोम. आणि क्षेत्रफळाचं कोडं? ते विसाव्या शतकात केंब्रिजच्या बाउडन आणि टेबर यांनी उलगडलं. गुळगुळीत वाटणारे पृष्ठभागही सूक्ष्म उंचवट्यांनी भरलेले असतात आणि खरा स्पर्श फक्त त्यांच्या टोकांवर होतो. दाब वाढला की टोकं चेपतात आणि खरा स्पर्श वाढतो. डोळ्यांना दिसणारं क्षेत्रफळ हिशेबात येतच नाही.

पावडर काम करते ती याच टोकांच्या मध्ये शिरून. बोरिक ॲसिडच्या स्फटिकांत अणूंचे पातळ थर असतात. थरात बंध पक्के, थराथरांत मात्र ढिले, त्यामुळे नव्या पत्त्यांच्या जोडासारखे ते एकमेकांवरून सरकतात. आमच्याकडे आजोबा शंखजिऱ्याची पूड वापरायचे. तिचीही रचना अशीच थरांची. पण पावडर चिमूटभर बरी. जास्त झाली की तिचे ढीग सोंगटीपुढे साचतात, आणि पावसाळ्यात ओल धरून गुठळ्या झाल्या की खेळ संपलाच. बोर्डावर टांगलेला पिवळा बल्ब आमच्याकडे उजेडाइतकाच उबेसाठी असे.

सोंगटीचा गेलेला वेग उष्णता होऊन बोर्डात आणि तिच्या बुडाशी मुरतो. सेकंदाला 2 मीटर वेगाच्या स्ट्रायकरमध्ये 0.03 ज्यूल ऊर्जा असते. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला असे 140 फटके लागतील. हात लावून कळण्यासारखं त्यात काही नाही.

7, 5, 3, 1 मात्र घरी पडताळता येतं. दिवाळीत बोर्ड खाली काढाल, तेव्हा कडेला फूटपट्टी ठेवा आणि एका सोंगटीचा प्रवास मोबाइलवर संथ गतीत टिपा. आकडे तंतोतंत जुळले नाहीत, तर आधी बोर्ड पुसून घ्या.