नावाला मागची सीट

एमजीबी जीटी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारच्या मागच्या सीटवर मोठ्या माणसाला बसवायचं म्हणजे त्याची घडीच घालावी लागते. डोकं उतरत्या छताला लागतं आणि गुडघे कुठे ठेवायचे हे ज्याचं त्याने ठरवायचं. मूळची एमजीबी 1962 सालची, उघडी, दोघांपुरती. 1965 मध्ये तिच्यावर पक्कं छत चढलं, छताच्या रेषेवरून इटलीच्या पिनिनफारिनाचा हात फिरला, मागे वर उचलायचं काचेचं दार आलं, आणि आत जी जागा उरली तिच्यात ॲबिंग्डनच्या कारखान्याने एक सीट बसवून टाकली. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर मात्र होतं तेच राहिलं, 91 इंच. लहान पोरांची सोय झाली खरी. पण माझ्या मते त्याहून मोठी सोय त्यांच्या बापाची झाली: घरात पाळणा हलला तरी स्पोर्ट्‌स कार विकायला नको. (पुण्याच्या रस्त्यांवर आज एमजीचा बिल्ला लावून फिरणाऱ्या गाड्यांशी हिचं नातं त्या बिल्ल्यापुरतंच.)

अशीच एक 1972 सालची निळी जीटी माझ्या एका स्नेह्याकडे आहे. कॉव्हेंट्रीच्या बाहेर एका शेडमध्ये तिची मागची सीट नव्याने बांधली जात होती, आणि मी आपला हातात चहाचा मग घेऊन मधेमधे करत होतो. कारागीर म्हातारा, कमी बोलणारा. आपल्याकडे रिक्षाच्या सीटा शिवणारा कुशनवाला असतो, तोच हा धंदा.

पुढच्या सीटा पन्नास वर्षं बसून बसून झिजल्या होत्या, पण धड होत्या. मागच्या सीटवर फारसं कुणी बसलेलंच नव्हतं आणि तीच जास्त कुजलेली. याची कारणं दोन. पहिलं म्हणजे मागची तिरपी, भलीमोठी काच. तिच्यातून येणारं ऊन थेट पाठीच्या वरच्या कडेवर पडतं. तिथलं व्हिनाइल कडक होऊन तडकलं होतं आणि निळा रंग राखेकडे झुकला होता. दुसरं कारण गादी उचलल्यावर दिसलं. या गाडीच्या बॅटऱ्या मागच्या गादीच्या खाली असतात. 1974 पर्यंत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून बारा व्होल्ट करत. चार्ज होताना बॅटरीतून आम्लाची बारीक वाफ निघते. ती वर चढून वर्षानुवर्षं गादीच्या तळाला लागत राहिली. तळाच्या फळीचे पापुद्रे सुटले होते, स्टेपल गंजून गेले होते, आणि कडेचा दोरा नखाने ओढला तरी तुटत होता.

म्हणून सुई हातात घेण्याआधी म्हाताऱ्याने बॅटऱ्या बाहेर काढायला लावल्या. पत्र्याच्या पेट्यांमध्ये खाण्याचा सोडा घातलेलं पाणी ओतलं. चर्रर्र करून फेस आला. फेस येणं थांबेपर्यंत तो पुन्हापुन्हा ओतत राहिला, मग धुऊन, वाळवून, गंज खरवडून रंग मारला. तयार कव्हर आणून वर चढवणारे पुष्कळ आहेत, पण खाली आम्ल तसंच ठेवून वर नवं कव्हर घालणं म्हणजे पैसे त्या पेटीत टाकण्यासारखंच. मला या सगळ्या कामात हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटला, आणि तो शिवणकामात मोडतही नाही.

जुनं कव्हर त्याने फाडलं नाही, उसवलं. एकेक टाका कापून तुकडे सुटे केले. सुटे करण्याआधी प्रत्येक शिवणीवर आडव्या रेघा ओढल्या, म्हणजे नवे तुकडे जोडताना कुठलं टोक कुठे येतं ते कळावं. जुना तुकडा नव्यावर ठेवून सरळ कापायचा नाही, कारण तो एका बाजूला ताणलेला असतो, दुसऱ्या बाजूला आखडलेला. मध्यावर घडी घातली, दोन्ही अर्ध्या भागांतला धड कोणता ते हाताने चाचपून पाहिलं आणि त्याच अर्ध्यावरून दोन्ही बाजू आखल्या. व्हिनाइलच्या पाठीला विणलेलं कापड असतं, ते एका दिशेला जास्त ताणतं. एक तुकडा जरी आडवा कापला गेला तर सीट पुढे एकाच अंगाला सुरकुतते. टाकेही लांब घातले. बारीक टाके दिसायला नेटके, पण व्हिनाइलला इतकी भोकं पडतात की पोस्टाच्या तिकिटासारखं ते त्याच रेषेत फाटतं.

रंगावरून मात्र वाद झाला. गादीच्या खाली दुमडलेल्या भागात 1972 चा अस्सल निळा रंग होता, गर्द, नुकता आल्यासारखा. स्नेह्याला तोच हवा होता. म्हाताऱ्याने नमुन्याचे दोन तुकडे पुढच्या सीटवर टाकले आणि काही न बोलता बाजूला झाला. गर्द तुकडा तिथे परक्या घरातला वाटत होता. थोडा उतरलेला निळा बरोबर मिसळला. उतरलेलाच घेतला. कारखान्याच्या रंगाचा आग्रह धरणारे लोक मला कळतात, पण मग सगळीच गाडी नव्याने मढवायला हवी.

नव्या फोमवर कव्हर चढवणं हा बघण्यासारखा प्रकार. व्हिनाइल फोमवर सरकत नाही, चिकटून बसतं. त्याने फोमवर प्लास्टिकची पातळ पिशवी पसरली, कव्हर उलटं करून उबदार हवेच्या बंदुकीने मऊ केलं आणि कोपऱ्यापासून उलगडत उलगडत ओढून घेतलं. कोपऱ्यात मूठ आत घालून फोम बसवला, पायपिंग अंगठ्याने सरळ रेषेत आणलं, शेवटी पिशवी झटक्यात ओढून काढली. तळाला नव्या प्लायवर आधी चारी बाजूंच्या मध्यावर एकेक स्टेपल, मग कोपऱ्यांकडे.

फोम जरा जाड घालू, पोरांना मऊ लागेल, असं स्नेह्याचं म्हणणं होतं. म्हातारा नाही म्हणाला. या सीटची पाठ पुढे पाडली की तिच्या मागच्या बाजूची सामानाची सपाट जागा होते. फोम जाड झाला तर पाठ अर्धवट उभी राहते आणि वर ठेवलेलं सगळं घरंगळतं. बसवून पाहिली तेव्हा पाठ तशीही किंचित उचललेली राहत होती. त्याने पुढच्या कडेचं कव्हर पुन्हा सोडलं, लांब पात्याच्या सुरीने फोमचा पातळ थर उतरवला आणि परत ठोकलं. आता पाठ पडली ती मागच्या सामानाच्या जमिनीशी सपाट.

स्नेह्याने दोनदा पाडून, उभी करून पाहिली, पैसे दिले, आणि पाठ पाडून ठेवून त्यावर लॅब्राडॉरसाठी घोंगडी अंथरली. पोरं कधीच मोठी झाली आहेत, मागे कुत्राच बसतो, हे त्याने तेव्हा सांगितलं.