ट्रॅक्टरचे स्टेअरिंग ढिले झाले? बॉक्सचा स्क्रू आवळण्याआधी हे तपासा

पूर्णा तालुक्यात ऊसतोड सुरू झाली की रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. कालव्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस कानडखेडच्या बळीराजा कारखान्याकडे किंवा शेजारच्या वसमतच्या पूर्णा सहकारी कारखान्याकडे निघतो. यातले बरेच ट्रॅक्टर जुने असतात. स्टेअरिंगला थोडा 'प्ले' आहे, पण चालतंय, असे म्हणत खेपा सुरूच राहतात. मात्र हा प्ले किती असला तर चालतो, तो येतो कुठून आणि दुरुस्ती कुठून सुरू करायची? समजून घेऊया.

प्ले म्हणजे नेमके काय?

स्टेअरिंग हलवायला सुरुवात केल्यापासून पुढची चाके वळू लागेपर्यंत ते जेवढे मोकळे फिरते, तो प्ले. थोडा प्ले प्रत्येक वाहनात असतोच. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार ही मोकळीक ३० अंशांपेक्षा जास्त नसावी. ३० अंश म्हणजे घड्याळात १२ ते १ एवढे अंतर. स्टेअरिंगचा व्यास ४० सेंटिमीटर असेल, तर कडेवर मोजल्यास ते साधारण साडेदहा सेंटिमीटर भरते.

घरी मोजणे सोपे आहे. चाके सरळ ठेवा, स्टेअरिंगच्या कडेला चिकटपट्टीची खूण करा आणि चाक हलू लागेपर्यंत ती खूण किती सरकते ते टेपने मोजा. ३० अंश ही कायद्याची शेवटची मर्यादा आहे. कंपनीच्या पुस्तिकेत त्याहून कमी माप दिले असेल, तर तेच पाळावे.

ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारा ट्रॅक्टर एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे जातो. समोरून दुचाकी आली आणि स्टेअरिंगची मोकळीक संपायला अर्धा सेकंद गेला, तर ट्रॅक्टर जवळपास तीन मीटर तसाच पुढे गेलेला असतो. मागे उसाच्या दोन ट्रॉल्या असतील, तर घाईने दिलेला झटका त्यांनाही झोल देतो.

ढिलेपणा येतो कुठून?

पॉवर स्टेअरिंग नसलेल्या जुन्या ट्रॅक्टरमध्ये हाताची हालचाल एका साखळीतून चाकापर्यंत जाते. स्टेअरिंगचा दांडा, स्टेअरिंग बॉक्स, ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक, स्टेअरिंग आर्म, टाय रॉड, किंग पिन आणि शेवटी चाकाचे बेअरिंग. काही मॉडेलमध्ये दोन्ही बाजूंना वेगळे ड्रॉप आर्म आणि ड्रॅग लिंक असतात.

यातल्या प्रत्येक सांध्यात जरा जरा झीज झाली की तिची बेरीज स्टेअरिंगवर जाणवते. म्हणून एकही सांधा फार खराब दिसत नसताना प्ले मात्र भरपूर असू शकतो. आपल्याकडे काळ्या मातीचा चिखल ही मोठी अडचण आहे. बॉल जॉइंटचे रबर फाटले की चिखल आणि पाणी आत जाते, ग्रीस निघून जाते आणि मातीचे कण धातूला घासत राहतात. त्याच नियम ९८ मध्ये बॉल जॉइंटवर रबरी टोपी असावी, असेही म्हटले आहे. किरकोळ वाटणाऱ्या या रबराला एवढे महत्त्व आहे.

दोन माणसांची तपासणी

सपाट जागेवर ट्रॅक्टर उभा करा. हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना दगड किंवा ठोकळे लावा, इंजिन बंद ठेवा. एकाने स्टेअरिंग हळूहळू डावीकडे-उजवीकडे हलवायचे. दुसऱ्याने पुढे बसून प्रत्येक सांधा फक्त बघायचा, हात घालायचा नाही. एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला पुढचा भाग उशिरा हलतो, तिथे झीज आहे. ड्रॉप आर्म लगेच हलत असेल, तर बॉक्स बहुधा ठीक आहे आणि दोष पुढे कुठेतरी आहे.

त्यानंतर पुढचा अॅक्सल जॅकने उचला आणि खाली भक्कम ठोकळा द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर काम करू नका. चाक वर आणि खाली धरून हलवा. चाक स्पिंडलवरच डुगडुगत असेल, तर बेअरिंग ढिले आहे. स्पिंडलसकट सगळे हलत असेल, तर किंग पिनचे बुश झिजले आहेत. मग चाक पुढून-मागून धरून हलवा. इथली खडखड बहुतेकदा टाय रॉडच्या बॉल जॉइंटची असते.

पॉवर स्टेअरिंग असेल, तर प्ले इंजिन सुरू ठेवून मोजावा. तेलाची पातळी, गळती आणि तेलात शिरलेली हवा याही गोष्टी पाहाव्या लागतात.

बॉक्सचा स्क्रू शेवटी का?

स्टेअरिंग बॉक्सवर ॲडजस्टमेंटचा स्क्रू आणि लॉक नट असतो. पाना लावून पाच मिनिटांत प्ले कमी होतो, म्हणून पहिला हात तिथेच जातो. पण दोष टाय रॉडमध्ये असेल, तर बॉक्स आवळून तो जात नाही, फक्त झाकला जातो. शिवाय ट्रॅक्टर बहुतांश वेळ सरळ चालत असल्याने बॉक्समधला मधला भाग जास्त झिजतो. तिथला ढिलेपणा घालवण्यासाठी स्क्रू जास्त आवळला, तर स्टेअरिंग वळणावर जड होते किंवा अडकते.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी सगळ्या निपलमधून जुने, मळकट ग्रीस बाहेर पडून नवे दिसेपर्यंत ग्रीस भरा. मग चाकाचे बेअरिंग, टाय रॉड आणि ड्रॅग लिंकचे जॉइंट, किंग पिनचे बुश पाहा. हे सगळे ठीक झाल्यावरही प्ले उरला, तरच जाणकार मिस्त्रीकडून बॉक्स बघून घ्या. स्क्रू फिरवल्यावर स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुठेही न अडकता फिरते का, हे तपासलेच पाहिजे. टाय रॉडचे जॉइंट बदलले असतील, तर टो-इन म्हणजे पुढच्या चाकांचा कलही पुन्हा जुळवावा लागतो.

समुद्रातही हाच नियम

हाताची हालचाल सांध्यांतून पुढे नेणाऱ्या कुठल्याही स्टेअरिंगची हीच गोष्ट आहे. चाकाचे स्टेअरिंग असलेल्या जुन्या शिडाच्या नौकांमध्ये साखळी, तारेचा दोर आणि कप्प्या यांतून ती सुकाणूपर्यंत जाते. तिथेही स्टेअरिंग ढिले झाले, की आधी दोराचा ताण, कप्प्या आणि सुकाणूचे बेअरिंग तपासतात. गोव्यात बांधलेली नौदलाची 'तारिणी' ही शिडाची नौका सहा महिला अधिकाऱ्यांसह जगप्रदक्षिणेवर असताना, २०१८ मध्ये हिंदी महासागरात तिच्या स्टेअरिंगमध्ये बिघाड झाला. गोवा हे शेवटचे बंदर उरले होते. तरीही नियोजनात नसलेला थांबा घेऊन नौका मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरात नेण्यात आली. दुरुस्तीनंतर २१ मे २०१८ रोजी ती गोव्यात परतली.

ट्रॅक्टर जागेवर कधी थांबवावा?

टाय रॉड किंवा ड्रॅग लिंकचा बॉल जॉइंट हाताने उचलून खडखडत असेल, नटाची स्प्लिट पिन नसेल, ड्रॉप आर्मला चीर दिसत असेल किंवा स्टेअरिंग मध्येच अडकत असेल, तर ट्रॉली जोडू नये. हा जॉइंट निसटला, तर स्टेअरिंग हातात असूनही चाकाशी त्याचा संबंध उरत नाही. वाकलेला टाय रॉड तापवून सरळ करणे, तुटलेल्या ड्रॉप आर्मला वेल्डिंग करणे, स्प्लिट पिनच्या जागी तार गुंडाळणे हे प्रकार टाळावेत. तो भाग बदलावाच लागतो.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखावी. ट्रॉलीत भार जास्त झाला की ट्रॅक्टरचे पुढचे टोक हलके होते आणि स्टेअरिंग फिरवूनही चाके नीट वळत नाहीत. तो प्ले नव्हे, आणि कुठलाही जॉइंट बदलून तो दोष जात नाही. त्यावर उपाय म्हणजे भार कमी करणे आणि पुढे कंपनीने सांगितलेले वजन लावणे.

हंगामात एक खेप बुडणे परवडत नाही, हे खरेच आहे. त्यामुळे ही तपासणी पहिली मोळी ट्रॉलीत पडण्याआधी करावी. त्यासाठी दोन माणसे, एक जॅक, एक ग्रीस गन आणि तासाभराचा वेळ पुरतो.