बटाट्याला भर का द्यायची?

बटाटा आपल्या सर्वांच्या ओळखीचा. एकादशीला त्याचा कीस, लग्नात त्याची रस्साभाजी. हे पीक मूळचे दक्षिण अमेरिकेतले. पोर्तुगीज लोकांनी ते इकडे आणले. नावही त्यांच्याच भाषेतून आले. पुणे जिल्ह्यात सातगाव पठारावर पावसाळ्यात बटाटा पुष्कळ होतो. आपल्या जालना जिल्ह्यात तो थोडा. कोणी हिवाळ्यात विहिरीच्या पाण्यावर चार सऱ्या लावतो, बाकीचे आपण बाजारातून आणतो. पण शेतात बटाट्याला जे करावे, तेच पुढे ताटात उतरते.

लावणीनंतर महिनाभराने रोपांच्या बुडाशी माती चढवतात. यालाच भर देणे म्हणतात. ही भर झाडाला आधार म्हणून देतात, असे पुष्कळांना वाटते. तेवढेच नाही. बटाटा हे मूळ नव्हे, जमिनीत फुगलेले खोड आहे. खोडाला उजेड लागला की ते हिरवे होणारच. नुसता हिरवा रंग वाईट नाही. पण त्याच उजेडाने बटाट्यात सोलानिन नावाचे कडू विष वाढते. सालीत आणि कोंबात ते जास्त असते. उकडले तरी ते जात नाही. पोटात जास्त गेले तर मळमळ, ओकारी, जुलाब सुरू होतात. आपली काळी जमीन पाणी तुटले की भेगाळते, आणि भेगेतून उजेड थेट बटाट्यापर्यंत पोचतो. म्हणून आपल्याकडे भर जाड हवी, भेगा बुजवायला हव्यात.

आता खत. युरिया टाकला की पाला हिरवागार दिसतो, जीव सुखावतो. पण आपल्याला पाला थोडाच खायचा आहे? नत्र फार झाले तर पीक उशिरा तयार होते आणि बटाटा पाणचट राहतो. एरवीच १०० ग्रॅम बटाट्यात सुमारे ८० ग्रॅम पाणी असते. पिठाचा अंश, थोडी प्रथिने, क्षार, 'क' जीवनसत्त्व हे सगळे उरलेल्या २० ग्रॅममध्ये. पाणी वाढले की काट्यावर वजन भरते, पण अंगी लागणारे कमी होते. नत्राला पालाशाची जोड हवी. पालाश कमी पडले तर बटाटा चिरल्यावर लवकर काळा पडतो. किती खत द्यायचे, ते माती तपासून ठरवावे. जालन्याजवळ खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे विचारावे.

बेण्याला बुरशीनाशक लावतात. असे उरलेले बेणे कितीही चांगले दिसले तरी भाजीत घालू नये, गुरांपुढेही टाकू नये. फवारणीनंतर किती दिवस काढणी करायची नाही, ते औषधाच्या डब्यावर छापलेले असते. आता आपल्याला वाचता येते, तर दुकानदाराच्या तोंडाकडे कशाला पाहायचे?

काढलेला ढीग उघड्यावर ठेवू नये. घरातही बटाटे पोत्यात, अंधाऱ्या आणि हवेशीर कोपऱ्यात ठेवावेत. एखादा थोडा हिरवा निघाला तर साल आणि हिरवा भाग जाड कापून टाकावा. फार हिरवा असला किंवा कडू लागला तर सगळाच फेकावा. लेकरांना तर तो मुळीच वाढू नये.