बायपासनंतरचा पहिला चातुर्मास

बायपास शस्त्रक्रिया यशस्वी झाली, वडील घरी आले, भेटायला येणाऱ्यांचा ओघ ओसरला, की संकट टळले असे घराला वाटू लागते. कसोटी मात्र तेव्हाच सुरू होते. छातीचे मधले हाड कापून पोलादी तारांनी पुन्हा बांधलेले असते. ते सांधण्यास ६ ते ८ आठवडे आणि पुरते बळकट होण्यास साधारण ३ महिने लागतात. सत्तरी ओलांडलेल्या, मधुमेही देहास कधी त्याहूनही अधिक. तोवर कापडाचा तागा उचलणे तर सोडाच, जमिनीवर हात टेकून, त्यावर भार देऊन उठणेही वर्ज्य. म्हणून सामायिक खुर्चीवर बसून करावे. ४८ मिनिटे मांडी घातल्याने, ज्या पायातील शीर काढली आहे त्याची सूजही वाढते. वंदन उभ्याने हात जोडून केले, तरी भाव उणा होत नाही.

आपल्या घरांतील नाजूक प्रश्न वेगळाच आहे. चौविहार पाळणारे आजोबा रात्रीची गोळी घेत नाहीत, आणि सून काळजी करील म्हणून घेतली असे सांगतात. पुढे केव्हातरी गोळ्या उशीखाली सापडतात. अनेक औषधांच्या वेळा सूर्यास्तापूर्वी बसवता येतात. पण ते काम डॉक्टरांचे, आणि त्यासाठी आपला नियम त्यांना घरी येण्यापूर्वीच सांगायला हवा. कागदावर ‘रात्री’ असे लिहिणाऱ्याला आपला सूर्यास्त कसा ठाऊक असणार?

उपवासाचेही तसेच. लघवी वाढवणारी गोळी चालू असताना निर्जळ उपवास केला, तर रक्तदाब कोसळू शकतो, मूत्रपिंडांवर ताण येतो. मधुमेहाचे औषध घेऊन उपाशी राहिल्यास साखर घातक पातळीपर्यंत उतरू शकते. सोळाकारण भावनांत त्याग आणि तप ही दोन्ही शक्तीनुसारच सांगितली आहेत. शिवाय वैयावृत्त्याची गणना अंतरंग तपांत होते. तेव्हा यंदाच्या पर्युषणात तप सुनेच्या आणि नातवाच्या वाट्याला आले, असे आजोबांना मोकळेपणाने सांगावे.

ताप, जखमेतून स्राव, छातीत हाड हलल्याचा आवाज, आडवे होताच धाप किंवा दोन-तीन दिवसांत एकाएकी वाढलेले वजन, यांपैकी काहीही दिसल्यास पुढच्या तपासणीची वाट पाहू नये.

मनाचे दुखणे उशिरा कळते. शस्त्रक्रियेनंतर काही वृद्धांना रात्री भ्रम होतो. तो बहुधा उतरतो. नंतरची उदासी अधिक फसवी. ४० वर्षे पेढी सांभाळलेल्या माणसाला चाव्या मुलाकडे गेल्याचे शल्य असते, आणि ते तो बोलून दाखवत नाही. आधी अंगणात पाच-दहा मिनिटे, मग मंदिरापर्यंत, असे चालणे वाढवीत न्यावे. डॉक्टरांनी मुभा दिली की तासभर गादीवर नेऊन बसवावे, रोजमेळ समोर ठेवावा. माल उतरवायला दुकानात माणसे आहेत.