घरफोडीत शिक्षा झाली. अपील कुठे, किती दिवसांत?

गोंदिया जिल्ह्यातील बिरसीच्या एखाद्या आरोपीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी घरफोडीत शिक्षा सुनावली, तर अपील गोंदियाच्या सत्र न्यायालयात, ३० दिवसांत. निकालाची प्रत मिळण्यात गेलेले दिवस यात धरत नाहीत.

गफलत पुढे होते. अपील दाखल झाले म्हणजे शिक्षा थांबली, असे नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३० खाली स्थगिती व जामिनासाठी वेगळा अर्ज लागतो. खटल्यात जामिनावर असलेल्याला ३ वर्षांपर्यंतची शिक्षा झाली, तर अपिलापुरता जामीन शिक्षा देणारे न्यायालयच देऊ शकते. मात्र तो अर्ज निकालाच्या दिवशीच करावा. नाहीतर रवानगी थेट कारागृहात.

तिथूनही अपील अधीक्षकांमार्फत पाठवता येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कैद्याला उत्पन्नाची अट नाही.